हसऱ्या तोंडाचे प्राणी

डॉल्फिन नेहमी हसरा दिसतो, कारण त्याच्या जबड्याची ठेवणच तशी आहे. त्याच्या लांबट तोंडाची रेघ मागे जाता जाता गालाकडे वर वळते. माणूस हसतो तेव्हा गालातला एक स्नायू ओठांचे कोपरे वर ओढतो आणि हसू ओसरले की ते कोपरे पुन्हा जागेवर येतात. डॉल्फिनला असे ओठ हलवता येत नाहीत. त्याच्या चेहऱ्याचे बरेचसे स्नायू डोक्यावरच्या नाकपुडीभोवती असतात आणि ते श्वास घेण्याच्या व आवाज काढण्याच्या कामी येतात. त्यामुळे मासे पकडताना, थकल्यावर, आजारी पडल्यावर, अगदी मेल्यावरसुद्धा डॉल्फिन हसराच दिसतो. दापोलीच्या किंवा तारकर्लीच्या समुद्रात होडीतून दिसणारे डॉल्फिनही याला अपवाद नाहीत.

या हसऱ्या चेहऱ्याने डॉल्फिनचे फार नुकसान केले आहे. अनेक देशांत त्यांना तलावात कोंडून उड्या मारायला लावले गेले आणि ते मजेत आहेत असे समजून प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. खुल्या समुद्रात दिवसभर मैलोन्‌मैल पोहणारा प्राणी तलावात कसा सुखी असेल, हा प्रश्न त्या चेहऱ्याकडे पाहून कोणाला पडलाच नाही. भारताने २०१३ मध्ये डॉल्फिनच्या अशा खेळांना मनाई केली, हे फार चांगले झाले.

क्वोका या प्राण्याचेही असेच आहे. हा कांगारूचा मांजराएवढा नातेवाईक ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या रॉटनेस्ट बेटावर राहतो. १६९६ मध्ये विलेम द व्लामिंग हा डच दर्यावर्दी तिथे उतरला तेव्हा त्याला हे प्राणी म्हणजे मोठाले उंदीर वाटले. आज पर्यटकांना तेच प्राणी जगातले सर्वांत आनंदी वाटतात आणि ते क्वोकाबरोबर फोटो काढून घेतात. प्राणी तोच, तोंडही तेच. बदलली ती पाहणाऱ्याची नजर. सांगलीजवळ कृष्णेच्या काठावर ऊन खात पडलेल्या मगरीचा वाकडातिकडा जबडाही हसरा भासतो. तिने तोंड उघडे ठेवलेले असते ते डोके फार तापू नये म्हणून.

ही फसगत होते, कारण माणसाचा मेंदू चेहरे शोधण्यात फार तरबेज आहे. कागदावर दोन ठिपके आणि त्यांच्याखाली टोके वर वळलेली एक रेघ काढली, तरी लहान मूल त्याला हसरा चेहरा म्हणते. तान्ह्या बाळाला आईचा चेहरा ओळखावा लागतो, मोठ्यांना समोरच्याचा राग-लोभ ओळखावा लागतो; म्हणून ही सवय उपयोगाची आहे. मात्र मेंदू ती माणसांपुरती राखून ठेवत नाही. तोंडाची टोके वर गेलेली दिसली की समोर मगर असली तरी तो तिला हसरी ठरवतो.

काही प्राणी मात्र खरोखरच चेहरा हलवतात. गायीचे मूत्र हुंगल्यावर बैल मान उंचावतो आणि वरचा ओठ मुडपतो. पाहणाऱ्याला तो हसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या टाळूच्या वरच्या बाजूला वास ओळखणारा एक खास अवयव असतो आणि ओठ मुडपून तो वास तिथवर पोहोचवत असतो. गाय माजावर आहे की नाही, हे त्याला त्यावरून कळते. घोडे आणि बोकडही असेच करतात.

माकडांच्या बाबतीत चूक झाली तर ती चाव्यापर्यंत जाऊ शकते. घाटातल्या रस्त्यावर माकडाने ओठ मागे ओढून दात दाखवले, तर ते हसत नसते. ते घाबरलेले असते, नाहीतर 'जवळ येऊ नका' असे बजावत असते. अशा वेळी मुलांनी खाऊ पुढे करू नये, शांतपणे मागे सरावे. हॅम नावाच्या चिंपांझीचे उदाहरण तर जगप्रसिद्ध आहे. ३१ जानेवारी १९६१ रोजी अमेरिकेने त्याला रॉकेटमधून अंतराळात पाठवले. सुमारे १६ मिनिटांनी त्याचे यान अटलांटिक महासागरात उतरले. दात दिसणाऱ्या त्याच्या फोटोंकडे पाहून लोकांना तो खूश वाटला. चिंपांझींना जवळून ओळखणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर भीती दिसली.

मग प्राण्यांना आनंद होतच नाही का? नक्कीच होतो, पण तो वेगळ्या खुणांनी दिसतो. चिंपांझीची पिल्ले एकमेकांना गुदगुल्या करतात, कुस्ती खेळतात, तेव्हा त्यांचे तोंड सैल उघडे असते, वरचे दात बहुधा ओठाआड असतात आणि धापा टाकल्यासारखा आवाज येतो. माणसाच्या हसण्याचे सर्वांत जवळचे नाते या चेहऱ्याशी आहे. कुत्र्याला खेळायचे असले की तो पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर उचलतो.

सर्वांत नवल उंदरांचे. याक पँक्सेप या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेतल्या उंदरांना गुदगुल्या केल्या, तेव्हा ते सुमारे ५० किलोहर्ट्‌झ इतक्या उंच पट्टीत चिवचिवले. माणसाचा कान २० किलोहर्ट्‌झच्या पुढचे ऐकत नाही, म्हणून तो आवाज यंत्राच्या मदतीने ऐकावा लागला. गुदगुल्या थांबल्या की उंदीर त्या हाताच्या मागे धावत. पुढे २०१६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी गुदगुल्या केलेल्या उंदरांचे चेहरे बारकाईने तपासले, तेव्हा आनंदाची खूण त्यांना कानांत सापडली. कान अधिक गुलाबी झाले होते आणि सैल पडले होते.