हिशेब आणि पाळत

घरच्या संगणकावर किती डेटा खर्च झाला, हे पाहण्यात गैर ते काय? दुधाचा हिशेब आपण ठेवतोच. विंडोजमध्ये गेल्या ३० दिवसांत कोणत्या प्रोग्रॅमने किती डेटा वापरला, हे दिसते. ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा दिली की संगणक या घटकेस कोणकोणत्या दूरच्या पत्त्यांशी जोडलेला आहे, त्याची यादी पुढे येते. पुष्कळदा खर्च करणारा माणूस नसतोच. प्रोग्रॅम आपणहून अद्ययावत होत असतात.

परंतु दुधाच्या हिशेबात पिणाऱ्याचे मन उमटत नाही. पत्त्यांच्या यादीत ते उमटते. मजकूर झाकलेला असला, तरी कोण कोणाच्या दारी गेले, हे कळू शकते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. घरात मात्र मुलाची बाजू मांडायला वकील नसतो. तेथे आपला विवेकच न्यायाधीश.

नोकरीनिमित्त परमुलखांत राहणाऱ्या आम्हां अधिकाऱ्यांना दप्तरतपासणीची सवय जडलेली असते. ती उंबरठ्याबाहेरच ठेवावी. आकडे सर्वांसमक्ष पाहावेत, संशय आधी यंत्रावर घ्यावा, आणि माणसाविषयी काही जाणून घ्यायचे असेल, तर ते त्यालाच विचारावे.