‘नामा म्हणे’ : ग्रंथपाल, एक्सएमएल आणि कर्तृत्वाचा प्रश्न

ग्रंथपालाने ग्रंथाविषयी सांगावे, ग्रंथाच्या अर्थाविषयी बोलू नये, असा एक अलिखित संकेत आपल्या ग्रंथालयव्यवहारात दीर्घकाळ चालत आला आहे. कर्ता, शीर्षक, प्रकाशनस्थळ, वर्ष, पृष्ठसंख्या एवढ्या नोंदी तालिकापत्रावर करून तो बाजूला होतो; पुढचे काम समीक्षकाचे. ही विभागणी पूर्णांशाने खरी कधीच नव्हती. परंतु तालिकापत्राऐवजी संहिताच ग्रंथपालाच्या हाती आली आणि तिच्या अंतरंगात खुणा करण्याचे काम त्याच्याकडे सोपवले गेले, तेव्हापासून तिचा आधार घेणेही अवघड झाले आहे. एक्सएमएलची प्राथमिक तत्त्वे शिकणाऱ्या ग्रंथपालाला आपण केवळ एक तंत्र शिकवतो की एक नैतिक जबाबदारीही त्याच्या पदरात टाकतो, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

प्रथम तंत्राविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. साहित्याच्या अभ्यासकांना त्याचे अकारण भय वाटते. एक्सएमएल ही संगणकाला आज्ञा देण्याची भाषा नव्हे. संहितेच्या कोणत्या भागाला काय म्हणावयाचे, हे कोनी कंसांतील नावांनी नोंदवण्याची ती एक शिस्त आहे. मुद्रितशोधक समासात खुणा करतो, त्याच कुळातली ही गोष्ट. फरक इतकाच की मुद्रितशोधकाची खूण ‘हे ठळक करा’ असे सांगते, तर एक्सएमएलमधील टॅग ‘हे शीर्षक आहे’ असे सांगतो. दिसणे आणि असणे यांतील हा भेद या साऱ्या विचाराच्या मुळाशी आहे. १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या एसजीएमएल या अवजड पद्धतीतून १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएलची पहिली आवृत्ती सिद्ध झाली. साहित्यकृतींच्या संहितांसाठी खुणांचा समान संकेत ठरवण्याचा उद्योग त्याआधीच, १९८७ साली, ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’ या नावाने सुरू झाला होता. तोही पुढे एक्सएमएलवर आला. ग्रंथालयांतील मार्क नोंदींनाही अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने एक्सएमएलचे रूप दिले. टॅगचे नाव इंग्रजीतच असावे असा नियम नाही. <अभंग> उघडावा, </अभंग> असे लिहून मिटावा. देवनागरी नावे या मानकाला पूर्णपणे मान्य आहेत. आपल्याकडील प्रशिक्षणवर्गांत हे क्वचितच सांगितले जाते.

शिकणाऱ्याला दोन कसोट्या सांगितल्या जातात. पहिली कसोटी सुघटिततेची : उघडलेला प्रत्येक टॅग मिटलेला असावा आणि एकाच्या पोटात दुसरा पूर्णपणे सामावलेला असावा. दुसरी नियमसंमततेची : त्या त्या प्रकारच्या दस्तऐवजासाठी आधी ठरलेल्या आराखड्यात ज्या घटकाला जेथे जागा आहे, तेथेच तो यावा. पहिल्या कसोटीबाबत मानक अतिशय कठोर आहे. एक टॅग मिटवायचा राहिला तर ती ‘प्राणघातक’ चूक मानली जाते आणि वाचक आज्ञावलीने नेहमीचे काम तेथेच थांबवावे असे बंधन आहे. आता विचार करावा की तिसरी कसोटी, म्हणजे टॅगमध्ये जे म्हटले आहे ते खरे आहे काय ही, या व्यवस्थेत कोठे बसते? ती कोठेच बसत नाही. कंस विसरणारा तत्काळ पकडला जातो; चुकीच्या माणसाच्या नावावर एखादी रचना चढवणाऱ्याला यंत्र निमूटपणे पुढे जाऊ देते.

हे विधान मी एका स्वतःच्या चुकीच्या आधारे करीत आहे. काही वर्षांपूर्वी ग्रंथपालांच्या एका प्रशिक्षणवर्गात मी सरावासाठी नामदेवांच्या गाथेतील काही अभंग दिले होते. अखेरच्या चरणातील नाममुद्रेभोवती व्यक्तिनामाचा टॅग घालावा आणि त्याला ओळखीचा गुणविशेष जोडावा, एवढेच काम होते : <व्यक्तिनाम ओळख="नामदेव">नामा</व्यक्तिनाम>. एका तालुक्याच्या गावातील वाचनालयात काम करणाऱ्या ग्रंथपालबाईंनी विचारले, “सर, हा नामा कोणता?” वेळ थोडा होता. मी म्हणालो, “आज टॅग मिटवायला शिका, नामा कोणता ते प्राध्यापक बघतील.” वर्गात हशा पिकला. त्यांनी सर्वत्र ‘नामदेव’ असे लिहिले, फाइल दोन्ही कसोट्यांना उतरली आणि नमुना म्हणून पुढच्या वर्गांतही वापरली गेली. आपण नेमके काय केले हे मला पुष्कळ उशिरा उमगले.

मराठी संतसाहित्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न नवा नाही. तेराव्या-चौदाव्या शतकांतील नामदेव आणि सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा हे दोघेही ‘नामा’ या मुद्रेने लिहितात, आणि गाथेच्या परंपरेत त्यांच्या रचना एकमेकींत मिसळल्या आहेत. या दोघांपलीकडेही कितीजणांनी त्या मुद्रेचा आश्रय घेतला असेल याची गणती नाही. १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या ग्रंथसाहिबात नामदेवांची म्हणून ६१ पदे आहेत. त्यांचा आणि मराठी गाथेचा संबंध हा आणखी एक वेगळा वाद आहे. या उत्तरकालीन रचनाकारांना तोतये म्हणणे हा घोर अन्याय होईल. ज्या परंपरेत मुद्रा ही मालकीची मोहोर नसून एका स्वरात आपला स्वर मिसळण्याची अनुज्ञा आहे, तेथे ‘नामा म्हणे’ या दोन शब्दांचा अर्थ ‘या रचनेचा हक्कदार नामदेव’ असा होत नाही. लेखक ही व्यक्ती नसून संहितांचे वर्गीकरण करणारे एक कार्य आहे, हे मिशेल फूको यांनी १९६९ मध्ये मांडले. आपले कीर्तनकार ते न मांडता पिढ्यान्‌पिढ्या जगत होते.

मग टॅग काय करतो? तो या प्रवाही मुद्रेला एका ओळखीच्या खुंटीला बांधतो. छापील गाथेत ‘नामा’ हा शब्द वाचकाच्या समोर असतो; कोणता नामा, हा संशय वाचकाच्या मनात उठू शकतो. टॅग केलेल्या संहितेत तो संशय वाचकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच मिटवलेला असतो, कारण वाचक आता संहिता वाचत नाही, ‘नामदेव’ या ओळखीचा शोध घेतो, आणि उत्तर म्हणून अभंगांची एक यादी त्याच्या पुढ्यात येते. यादीला संशय नसतो. उद्या कोणी संशोधक नामदेवांच्या शब्दकळेची मोजदाद त्या यादीवरून करील, त्यावर प्रबंध लिहील. माझ्या वर्गातील एका विनोदाचे ते दूरचे फळ असेल, आणि प्रबंधकर्त्याला त्याचा पत्ताही नसेल.

जनाबाईंच्या बाबतीत हा पेच अधिक क्लेशकारक होतो. ‘नामयाची दासी जनी’ या मुद्रेत एका नावाच्या पोटात दुसरे नाव आहे. टॅग एकात एक सहज बसतात. तंत्राची काही अडचण नाही. परंतु आतल्या ‘नामया’ला ओळख द्यावी काय? दिली तर जनीचा प्रत्येक अभंग नामदेवांच्या शोधातही हजर होतो. न दिली तर ज्या नात्यातून ती स्वतःला उच्चारते, ते नाते यंत्राच्या लेखी उरत नाही. आणि ‘दासी’ हा शब्द नावाचा भाग, व्यवसाय की भक्तीची भूमिका? तीनही पर्यायांना स्वतंत्र टॅग आहेत. कोणता निवडावा हे सांगणारा आराखडा नाही.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. ग्रंथालय वाचकासाठी असते. वाचकाचा वेळ वाचवा हे रंगनाथन यांच्या १९३१ मधील पाच सूत्रांपैकी चौथे. प्रत्येक नावापाशी ग्रंथपाल अडखळू लागला, तर तालिका कधीच पूर्ण होणार नाही. शिवाय मार्कच्या नोंदीत मुख्य व्यक्तिकर्त्यासाठी १०० क्रमांकाचे जे क्षेत्र आहे, ते एकदाच भरता येते; व्यवहार अखेर एक नाव मागतोच. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. नाव द्यावे लागते. नाव न देणे हाही पर्याय निष्पाप नाही, कारण ‘अज्ञात’ या सदराखाली जे ठेवले जाते ते बहुधा कोणी शोधतच नाही. परंतु नाव देणे आणि निःसंशयपणे नाव देणे या दोन वेगळ्या कृती आहेत. आक्षेप घेणारे या दोन कृती एकच समजतात.

आपल्या पोथ्यांच्या लेखकांकडे चूक सुधारण्याचे एक साधन होते : हरताळ. चुकीच्या अक्षरावर पिवळा लेप द्यावा आणि त्यावर नवे अक्षर लिहावे. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच रूढ झाला. हरताळाचा दोष हा की खालचे अक्षर जाते. गुण हा की पिवळा डाग राहतो. वाचकाला निदान एवढे कळते की येथे कोणाचा तरी हात फिरला आहे. निष्काळजीपणे केलेल्या टॅगमध्ये हा डागही राहत नाही. वास्तविक टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्हच्या संकेतांत याहून चांगली सोय आहे. मूळ पाठ आणि सुधारलेला पाठ शेजारी शेजारी ठेवता येतात. वाचता न आलेले अक्षर आणि संपादकाने पुरवलेले अक्षर वेगळे दाखवता येते. कोणत्याही निर्णयाला त्याच्या खात्रीचे प्रमाण आणि निर्णय घेणाऱ्याचे नाव जोडता येते. मार्कमध्येसुद्धा कर्त्याचे नाते सांगणाऱ्या संकेतांत ‘संदिग्ध लेखक’ असा एक संकेत आहे. म्हणजे संशयाला जागा नाही ही तक्रार यंत्रावर ढकलता येत नाही. जागा आहे, ती रिकामी आम्ही ठेवतो.

संशय कोठे लिहावा यालाही महत्त्व आहे. पुष्कळ विद्यार्थी तो टिप्पणीच्या खुणेत लिहितात. एक्सएमएलमध्ये तशी खूण आहे, पण टिप्पणीतला मजकूर पुढे पोहोचवलाच पाहिजे असे बंधन मानकाने वाचक आज्ञावलीवर घातलेले नाही. म्हणजे टिप्पणीतील संशय हा कानात सांगितलेला संशय. साक्षीदार उठून गेला की पुरावा गेला. तो गुणविशेषात लिहिला तर मात्र विधानाचाच भाग होतो आणि विधानाबरोबर प्रवास करतो.

एका मूलभूत मर्यादेचाही निर्देश येथे केला पाहिजे. एक्सएमएल संहितेला एका वृक्षाच्या रूपात पाहते. १९९० मध्ये चार अभ्यासकांनी तर असे प्रतिपादन केले की संहिता ही मुळातच आशयघटकांची क्रमबद्ध उतरंड असते. पुढील काही वर्षांतच त्यांच्यापैकी काहींना या भूमिकेला मुरड घालावी लागली, कारण उतरंडी एकमेकींना छेदतात. ज्ञानेश्वरी उघडून पाहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही : वाक्य एका ओवीत सुरू होते आणि पुढच्या ओवीत पुरे होते. ओवीला टॅग घातला तर वाक्य तुटते, वाक्याला घातला तर ओवी. दोन्ही जपण्याच्या युक्त्या आहेत, पण त्या युक्त्याच आहेत. कोणत्या रचनेला सलग राहण्याचा मान द्यावयाचा, हे कोणीतरी ठरवतेच. छंदाचा अभ्यासक आणि व्याकरणाचा अभ्यासक ते एकाच रीतीने ठरवणार नाहीत. ग्रंथपालाने कोणाची बाजू घ्यावी?

गेल्या वर्षी मी तीच जुनी फाइल त्या ग्रंथपालबाईंकडे परत पाठवली आणि माझे त्या दिवशीचे उत्तर चुकले होते असे कळवले. महिनाभराने ती दुरुस्त होऊन आली. काही अभंगांना नामदेव, काहींना विष्णुदास नामा, बहुतेकांपुढे खात्री ‘अल्प’, आणि निर्णयाची जबाबदारी म्हणून त्यांचे स्वतःचे नाव. सात अभंगांत ‘नामा’ला व्यक्तिनामाचा टॅग होता, पण ओळख दिलेली नव्हती. जनाबाईंचा एक अभंग मात्र त्यांनी टॅगविना तसाच ठेवला होता आणि सोबतच्या पत्रात विचारले होते की आतल्या ‘नामया’चे काय करावे. मी दोन उत्तरे लिहून फाडली आहेत.