सह्या झाल्यानंतरचे सहा तास

शांत बसा. पाठ ताठ नको, सैल असू द्या. श्वास आपसूक येतोय, जातोय. त्याला येऊ-जाऊ द्या.

तारीख मनात धरा : ११ नोव्हेंबर १९१८. फ्रान्समधल्या कॉम्पिएन्यच्या जंगलात, रेल्वेच्या डब्यात, पहाटे पाचच्या सुमाराला पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामावर सह्या झाल्या. अंमल मात्र सकाळी अकरापासून. मधले सहा तास. घाई न करता त्यांच्यापाशी थांबा.

आता एका माणसाकडे या. जॉर्ज लॉरेन्स प्राइस. जन्म कॅनडाच्या पूर्वेला नोव्हा स्कोशियात. पुढे राहायला गेला तो दूर सस्कॅचवानमधल्या मूस जॉ गावी. सैन्यात हौसेनं गेला नव्हता. ऑक्टोबर १९१७ मध्ये सक्तीच्या भरतीत त्याला घेतलं. २८व्या बटालियनमधला साधा शिपाई, वय पंचवीस.

त्याच्यासोबत चला. बेल्जियममधलं वील-स्युर-एन गाव, मॉन्सजवळचं. कालव्यावरचा पूल ओलांडून तो आणि त्याचे सोबती घरं तपासताहेत. मशीनगनवाले जर्मन मागच्या दारानं निसटले आहेत. प्राइस एका घरातून रस्त्यावर पाऊल टाकतो, आणि गोळी छातीत लागते. सोबती त्याला ओढून आत नेतात.

दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटं.

इथं मन लगेच ‘अरेरे, दोनच मिनिटं!’ म्हणून हळहळतं. हळहळू द्या, पण तिथंच अडकू नका. नऊ वाजता पडलेल्याचं मरण काही कमी फुकट नव्हतं. त्याच्या वेळेची गोष्ट झाली नाही, इतकंच.

पुन्हा त्या सहा तासांकडे वळा. सगळ्या आघाड्यांवर निरोप पोहोचायला वेळ लागणार, हे खरं. पण वाटाघाटी चालू असेतो लढाई थांबवा, असं जर्मन शिष्टमंडळानं ८ नोव्हेंबरलाच म्हटलं होतं. दोस्त राष्ट्रांचा सरसेनापती मार्शल फॉशनं नकार दिला. राग आला, तर येऊ द्या. गोळी झाडणाऱ्यावरच तो काढून मोकळे मात्र होऊ नका.

प्राइसची कबर मॉन्सजवळ, सेंट सिम्फोरियनच्या लष्करी दफनभूमीत आहे. ती दफनभूमी जर्मनांनी १९१४ मध्ये सुरू केली. दोन्ही बाजूंचे सैनिक तिथं आहेत.

डोळे उघडा. यापुढे पेपरात ‘अमुक वाजल्यापासून युद्धविराम’ असं वाचाल, तेव्हा सह्या किती वाजता झाल्या तेही बघा.