विचारलं तेवढंच

अमेरिकेच्या व्हिसासाठी वकिलातीच्या रांगेत उभं राहिलेल्या प्रत्येकाला कोणी ना कोणी हा सल्ला दिलेला असतो : विचारलं तेवढंच सांग, जास्त बोलू नकोस. तुम्हालाही तो मिळाला असेल आणि पुढे तुम्हीही तो कुणाला तरी दिला असेल. खोटं बोल, असं त्यात कोणी म्हणत नाही. शिक्का समोरच्याच्या हातात आहे, एवढीच जाणीव असते.

दोन वर्षांपूर्वी मी हाच सल्ला माझ्या मावसबहिणीला दिला, पण व्हिसासाठी नव्हे. तिला वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे बेरिॲट्रिक सर्जरी, करून घ्यायची होती. सर्जनची भेट मिळण्याआधी मानसशास्त्रज्ञाचं मूल्यमापन सक्तीचं होतं. गाडी मी चालवत होते. एका सिग्नलला ताई म्हणाली, "रात्री उठून खाता का, असं विचारलं तर काय सांगू गं?" मी म्हटलं, "विचारलं तेवढंच सांग. आणि 'पूर्वी कधीतरी' म्हण." तिने तसंच सांगितलं आणि ती 'पास' झाली.

हा सल्ला चूक होता, असं आज मला वाटतं. पण चूक फक्त माझी होती का, हे तुमच्यासमोर मांडून पाहायचं आहे.

ज्यांचा या गोष्टीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अमेरिकेत या शस्त्रक्रियेसाठी सहसा थेट सर्जनकडे जाऊन तारीख मिळत नाही. आधी माहितीसत्र, मग डाएटिशियन, मानसशास्त्रज्ञ, रक्ततपासण्या, झोपेत श्वास अडकतो का याची तपासणी, हृदयाचा अहवाल, कधी एंडोस्कोपी. या पद्धतीचं मूळ १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने काढलेल्या निवेदनात आहे. बीएमआय ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५च्या वर असून सोबत गंभीर आजार असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा आणि निरनिराळ्या तज्ज्ञांनी मिळून रुग्णाची पाहणी करावी, असं त्यात होतं. पुढे अनेक विमा कंपन्यांनी आपली अट जोडली : डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने डाएट करून दाखवा. ताईच्या वाट्याला सहा महिने आले. दर महिन्याला वजनकाटा, दर महिन्याला नोंद.

यातल्या पुष्कळ तपासण्यांना चांगलं कारण आहे, हे आधी मान्य करायला हवं. स्लीव्ह नावाच्या शस्त्रक्रियेत जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. तो परत बसवता येत नाही. त्यानंतर जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्याव्या लागतात. बायपास केल्यावर दारू रक्तात लवकर भिनते आणि काही जणांना शस्त्रक्रियेनंतर व्यसन जडल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. ज्याने आजवर आपलं दुःख जेवणावर निभावून नेलं, त्याचा तो आधार एका दिवसात जाणार असतो. त्याच्या मनाची विचारपूस न करता सुरी हातात घेणारा डॉक्टर मला तरी नको.

पण सहा महिन्यांच्या डाएटची गोष्ट वेगळी आहे. ती तयारी कमी आणि प्रायश्चित्त जास्त आहे. ताई गेली वीस वर्षं डाएट करत होती. दिवसातून दोनदाच जेवण्यापासून दर दोन तासांनी खाण्यापर्यंत सगळे पंथ तिने पाळून पाहिले होते. वजन उतरलं की शरीर भूक वाढवणारी संप्रेरकं जास्त सोडतं आणि हा बदल वर्षभरानंतरही टिकून राहतो, हे आता माहीत झालेलं आहे. बेरिॲट्रिक सर्जनांच्या अमेरिकन संघटनेने २०१६ साली स्पष्ट म्हटलं, की विमा कंपन्यांची ही सक्ती मनमानी आहे, तिला शास्त्रीय आधार नाही आणि ती बंद व्हावी. ताईचा मधुमेह त्या सहा महिन्यांत थांबून राहिला नव्हता. तिची भीती तर दुहेरी होती : वजन वाढलं तर 'हिला मनापासून नकोच आहे' म्हणतील आणि फार उतरलं तर 'मग गरजच काय' म्हणतील.

अशी अट आपल्यालाही खटकत नाही, कारण ती आपल्या ओळखीची आहे. 'तोंडावर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली नसती' हे वाक्य ताईने विमा कंपनीच्या कितीतरी आधी घरात ऐकलं होतं. वजन हा आपल्याकडे स्वभावाचा दाखला असतो. खरं तर बीएमआय हे शरीराचंही पुरतं माप नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच उदाहरणं दिली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. २०२२च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेची मर्यादा २७.५पर्यंत खाली आली, ती याच प्रकारच्या जाणिवेतून. जो आकडा दोन डॉक्टरांची चरबी सांगू शकत नाही, तो माणसाचा संयम काय सांगणार?

आता मूळ प्रश्नाकडे येते. त्या खोलीत ताईला एकाच तोंडाने दोन प्रश्न विचारले जात होते. एक, 'तुला कुठे मदत लागेल?' दुसरा, 'तू पात्र आहेस का?' शब्द तेच, 'रात्री उठून खाता का?' पण पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्या फायद्याचं आणि दुसऱ्याचं खरं उत्तर तिच्या तोट्याचं, निदान तिला तसं वाटत होतं. समोरच्याच्या हातात शिक्का असला की माणसाला दुसराच प्रश्न ऐकू येतो. मग जे कळावं म्हणून ही सगळी व्यवस्था उभी केली, तेच नेमकं लपवलं जातं.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. आठव्या महिन्यात रात्रीचं खाणं परत सुरू झालं. थोडं थोडं, फ्रिजच्या उजेडात उभ्याने. ताईने ते कित्येक आठवडे कुणालाच सांगितलं नाही. का, तर कागदावर 'नाही' लिहिलेलं होतं आणि आता सांगितलं तर आपण खोटं बोललो असं ठरेल. शेवटी एकदा डाएटिशियनसमोर तिला रडू आलं आणि सगळं बाहेर पडलं. ती बाई शांतपणे म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर आम्ही नाही म्हटलं नसतं. त्यावर आधी काम केलं असतं."

हे वाक्य ऐकून मला हायसं वाटलं नाही, रागच आला. हे आधी का नाही सांगितलं?

कोणी म्हणेल, मग नकार द्यायचाच नाही का? द्यावा. व्यसन चालू असेल, गंभीर मानसिक आजारावर उपचार होत नसतील, तर थांबवणं हेही डॉक्टरचं कर्तव्यच आहे. पण कोणत्या उत्तराने काय होईल, किती उशीर होईल आणि त्या काळात काय मदत मिळेल, हे दारातच सांगायला हवं. 'नाही' आणि 'अजून नाही' यांत फार अंतर आहे. जिवंतपणी मूत्रपिंड दान करणाऱ्यांचीही अशीच मानसिक तपासणी होते, पण अमेरिकेत तिथे फक्त दात्याच्या बाजूने बोलणारी एक स्वतंत्र व्यक्ती नेमणं बंधनकारक आहे. ताईच्या त्या सगळ्या भेटींत असं कोणी नव्हतं. तिच्या बाजूला फक्त मी होते, आणि मी तिला व्हिसाचा सल्ला दिला.

आपण परदेशात आलेली माणसं परीक्षकाला ओळखण्यात तरबेज असतो. शिक्का, फॉर्म, मुलाखत यांतून पार पडत पडतच इथवर आलोय. त्यामुळे मदत करायला बसलेला माणूसही आपल्याला अधिकारीच दिसतो, आणि कधी कधी तो खरोखर दोन्ही असतो.

तुमच्या गाडीत असं कोणी बसलं तर त्याला एवढंच सांगा : आत गेल्यावर पहिला प्रश्न तू विचार. 'मी खरं सांगितलं तर पुढे काय होईल?' समोरच्याने त्याचं सरळ उत्तर दिलं, तर मग विचारलं तेवढंच नको, सगळं सांग. आणि उत्तर सरळ मिळालं नाही, तर दोष तुझ्या पोटाचाही नाही आणि मनाचाही नाही. ताई हल्ली रात्री उठलीच, तर कधीकधी मला मेसेज करते. मी जागी असले तर आम्ही बोलतो.