बर्फाखालची टेकडी

सावकाश बसा. आज जिथे जायचं आहे, तिथला वेगच दिवसाला साधारण एक मीटर आहे.

पश्चिम अंटार्क्टिकात, एल्सवर्थ पर्वतरांगेच्या कडेने रटफर्ड नावाचा बर्फप्रवाह वाहतो. त्यावर उभे आहात असं समजा. चहूकडे पांढरं, सपाट. पायाखालचा दोन किलोमीटरहून जाड बर्फ सरकतो आहे, तुम्हाला घेऊन. अंगाला ते कळत नाही. कळावं असा हट्टही नको.

आता लक्ष खाली जाऊ द्या. बर्फात भोक पाडून लहानसा स्फोट केला आहे. त्याची लहर सेकंदाला सुमारे ३८०० मीटर वेगाने खाली निघाली. तळाला धडकून वर यायला तिला सेकंदाहून थोडाच जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ थांबा. ओळीने मांडलेले जिओफोन परतलेली थरथर टिपतात. किती वेळ लागला, यावरून खोली कळते. शिवाय खाली पाणी मुरलेला मऊ गाळ असेल तर लहर उलटी होऊन येते, घट्ट थर असेल तर सुलटी. इथे जरा रेंगाळा. दोन किलोमीटर खालच्या चिखलाचा मऊपणा, बोट न लावता! मला या साऱ्या खटाटोपात हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या संशोधकांनी हे १९९१ मध्ये केलं. मग त्याच ओळीवर १९९७ मध्ये, आणि पुन्हा २००४ मध्ये. बर्फावर रोवलेली काठी वर्षभरात शेकडो मीटर पुढे गेलेली असते, म्हणून दर वेळी खालच्या जमिनीची जागा नव्याने शोधायची. पहिल्या सहा वर्षांत एके ठिकाणचा सहा मीटर गाळ खरवडून गेला होता. पुढच्या सात वर्षांत तळावर एक उंचवटा उभा राहिला: दहा मीटर उंच, शंभर मीटर रुंद.

हिमनदीचं काम म्हटलं की मन आपोआप हजारो वर्षं मोजू लागतं. तो आकडा बाजूला ठेवा. सात वर्षं मनात धरा.

असल्या टेकड्यांना ड्रमलिन म्हणतात. पालथ्या चमच्यासारखा आकार, एक टोक चढं, दुसरं निमुळतं. आयर्लंडच्या क्लू उपसागरात त्यांची बेटं झाली आहेत. तिथलं हिम केव्हाच गेलं, त्यामुळे त्याने माती रचली की आधीची कोरून काढली, हा वाद भूशास्त्रज्ञ पिढ्यान्‌पिढ्या घालत आले. रटफर्डखाली हिम अजून कामावर आहे, आणि तिथे दोन्ही चालू असलेलं दिसलं. एका ओळीवरून जगातले सगळे ड्रमलिन उलगडले असं मात्र मानू नका.

जानेवारी २०१९ मध्ये गरम पाण्याच्या झोताने २१५२ मीटर खोल भोक पाडून संशोधक थेट तळाशी पोचले. त्यातून त्या एका जागेचा गाळ हाती येतो. टेकडी वाढते की झिजते हे पाहायचं, तर जुन्याच ओळीवर पुन्हा जिओफोन मांडावे लागतात.