दानाचा प्रोसेसर

घरचा संगणक रिकाम्या वेळात विज्ञानाच्या कामी लावणे, हे दान म्हणता येईल का? १९९९ साली सुरू झालेल्या सेटी अ‍ॅट होम या परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचे संकेत शोधणाऱ्या प्रकल्पाला लाखो लोकांनी आपली यंत्रे दिली. फोल्डिंग अ‍ॅट होमवर प्रथिनांच्या घड्यांची गणिते आजही अशीच सुटतात. घेणारा अनोळखी, परतफेडीची आशा नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायातली सात्त्विक दानाची एक खूण इथे पटते. पण तिथेच देश, काळ आणि पात्र पाहायलाही सांगितले आहे. जालन्यात बसून स्वस्त प्रोसेसर निवडणाऱ्याने ते विसरू नये.

६५ वॅट ओढणारा प्रोसेसर वर्षभर अखंड चालला, तर सुमारे ५७० युनिट वीज खातो. ही वीज बरीचशी कोळशाची, आणि कोळशाच्या वीजकेंद्राला पाणी लागते. २०१३च्या दुष्काळात शेजारच्या बीड जिल्ह्यातले परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. जालनाही तेव्हा टँकरच्या वाटेकडे डोळे लावून होता. म्हणून विजेचा हिशेब धरला, तर जुन्या बाजारातला सर्वांत कमी किमतीचा प्रोसेसर स्वस्त पडेलच असे नाही. नुसते कमी वॅट पाहूनही भागत नाही. एक काम पुरे व्हायला किती वीज लागली, हे खरे माप. कुणी म्हणेल, मोजूनमापून दिले ते दान कसले? हे मला मान्य नाही. जे आपल्या एकट्याचे नाही, ते देताना मोजायलाच हवे. जुनी चिप भंगारात जाण्यापासून वाचते, हा आक्षेप मात्र वजनदार आहे: यंत्र दिवसाला दोन-चार तासच चालणार असेल, तर तीच घ्यावी. चोवीस तास चालवायचे असेल, तर कमी विजेत जास्त काम उरकणारी नवी. आणि एप्रिल-मेच्या दुपारी, पंखाही गरम वाराच फेकतो तेव्हा, यंत्र बंद.