धाक की ओळख?

आमच्या बुरहानपुरात पावरलूमची खटखट अवेळी थांबली, की छातीत धस्स होते. अशा वेळी मला भिवंडी आठवते. तेही मागांचेच गाव. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेले. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे पोलिसांसह एकत्र बसू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना शेजारची भिवंडी शांत राहिली.

मग दंडुका नकोच का? हवा, ओळखीचा वशिला होऊ नये म्हणून तरी हवा. पण वर्गात मी छडी घेऊन उभा असे, तेव्हा मुले गप्प असत. पाठ वळताच गलका होई. ती शांतता छडीची होती, मुलांची नव्हती. हे कळायला मला फार वर्षे लागली.

आता चौकाचौकांत कॅमेरे आले. ते गुन्हेगार दाखवतील. शेजारी कोण दाखवणार? परवा मी मोजून पाहिले. पलीकडच्या मोहल्ल्यातली नावानिशी ओळखीची घरे निघाली चार. त्यांतली तीन माझ्या विद्यार्थ्यांची. मुख्याध्यापकाची ही गत, तर पोलिसांना बोल कोणत्या तोंडाने लावू?